तळाची मूठ

रुपाचा दिवस पिशव्या फोडण्यापासून सुरू व्हायचा. साकोलीतल्या एका माती परीक्षण केंद्रात ती नोकरीला होती. अर्धा किलो माती, तिच्यात एक चिठ्ठी, चिठ्ठीवर शेतकऱ्याचं नाव, गाव आणि गट क्रमांक. माती सावलीत वाळवायची, कुटायची, चाळायची, मग तिचा सामू म्हणजे पीएच आणि सेंद्रिय कर्ब काढायचा. काम नेमकं होतं आणि तिला ते आवडायचं. फक्त उजव्या हाताचा हातमोजा तिला कधी नीट बसला नाही. लहानपणी बंडीच्या चाकाखाली करंगळी आली होती. ती वरच्या अंगाला वाकून तशीच जुळली. पंजा टेबलावर पालथा ठेवला तर बाकीची बोटं टेकायची, करंगळी तेवढी हवेत राहायची.

चिठ्ठ्या वाचता वाचता तिला एक छंद जडला होता. आडनावावरून मूळ गाव ओळखायचा. लांजेवार म्हणजे कधीकाळी लांजीहून आलेले. दिघोरे म्हणजे दिघोरीचे. यातून तिने स्वतःपुरता एक नियमही बसवला होता. माणूस गावात राहतो तोवर त्याला गावाचं नाव कोणी लावत नाही. दिघोरीत सगळेच दिघोरीचे, तिथे त्या नावाचा उपयोग काय? गाव सुटलं की मगच ते नावाला चिकटतं. असं आडनाव म्हणजे निघून आल्याची खूण.

हा नियम तिच्या स्वतःच्या आडनावाला मात्र लागू पडत नव्हता.

मागच्या वैशाखापर्यंत ती मोहतुरे होती. लग्न झालं आणि पेवठे झाली. पेवठा नावाचं एक गाव होतं, कारध्यापासून खाली, वैनगंगेच्या काठावर. पण त्या गावातून कोणी पेवठे निघून आल्याचं कोणाला सांगता येत नव्हतं. सासरच्यांचं तिथे शेत नव्हतं, घर नव्हतं, भाऊबंद नव्हते, लग्नामौतीला जाणं नव्हतं. पेवठेकर नाही, पेवठेवार नाही. नुसतं पेवठे. आणि अर्थ? पेव म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा, एवढं तिला ठाऊक होतं. पण नदीकाठच्या धानपट्ट्यात पेव खणणार कोण? कमरेइतकं खणलं की पाणी लागतं तिथे.

तिने घरात विचारून पाहिलं. नवरा भुपेंद्र बीबियाण्याचं दुकान चालवायचा आणि तिला चिडवायची एकही संधी सोडायचा नाही. दुकानाच्या पाटीवर बरं दिसतं म्हणून बाबांनी विकत घेतलं, असं तो म्हणाला. सासू चंद्रकांताबाई गॅसवरचं दूध बघायला उठून गेल्या. गॅस बंद होता. सासरे तेजराम सुपारी कातरता कातरता म्हणाले, "नावाले अर्थ नसते, सूनबाई. नावाले माणूस असते."

सासर तसं चांगलंच म्हणायचं. वाकडी करंगळी पाहून तिची दोन स्थळं मोडली होती. इथे मात्र बघायच्या कार्यक्रमात तेजरामनी तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला, पंजा पाटावर पालथा ठेवायला लावला, करंगळीकडे खूप वेळ पाहिलं आणि जागेवरच होकार दिला. हुंडा नको, मानपान नको, नोकरी कर म्हणाले. हट्ट एकच. नाव सगळीकडे बदलायचं. बँकेत, आधारवर, नोकरीच्या कागदांत. रुपाला ते जरा खुपलं होतं, पण इतक्या चांगल्या माणसांशी एवढ्यावरून काय भांडायचं? नवीन आधार कार्ड पोस्टाने आलं तेव्हा सासूबाईंनी पाकिटाला हळदकुंकू लावून ते देवाजवळ ठेवलं. भुपेंद्र हसला. रुपाही हसली.

सासूबाई तेजरामची दुसरी बायको, हे तिला शेजारणीकडून कळलं. पहिलीचं नाव सीता. भुपेंद्रच्या जन्माआधी वैनगंगेला मोठा पूर आला, त्या पुरात ती गेली. घरात तिचा फोटो नव्हता.

कार्तिकात पेवठ्याहून निरोप आला. धरणाचं पाणी वाढवणार होते. गाव कायमचं उठत होतं, वरच्या माळावर नवीन प्लॉट मिळाले होते. त्या रात्री बापलेक अंगणात हळू आवाजात बोलत बसले. दुसऱ्या दिवशी जेवताना भुपेंद्रने विषय काढला. गाव उठतं तेव्हा पेवठ्यांच्या घरचं एक माणूस तिथे लागतं. जुनी रीत आहे, दहा मिनिटांचं काम. मान आपल्या घराचा.

"मग तुम्ही जा ना," रुपा म्हणाली.

"घरच्या बाईचा मान असते तो. अन् तुलेच तं अर्थ पायजे होता ना, मॅडम? तिथं भेटन."

सासूबाई ताटात भात चिवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

सकाळी निघताना सासूबाईंनी तिची ओटी भरली. तांदूळ, हळकुंड, नारळ. ओटीतले चार दाणे परत घरच्या सुपात टाकायचे, म्हणजे बाई फिरून घरी येते, हे रुपाने माहेरी लहानपणापासून पाहिलेलं. तिने चिमूट उचलली. सासूबाईंनी तिचं मनगट धरलं आणि चिमूट पुन्हा तिच्याच पदरात सोडली.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "तुह्याजवळच राहू दे."

हायवेवर ऊन पडलं होतं. लाखनीला भुपेंद्रने गाडी थांबवून तिला आवडतो म्हणून आलूबोंडा घेऊन दिला, वर जास्तीच्या मिरच्या मागून घेतल्या. दुकानात आलेल्या एका गिऱ्हाइकाची गोष्ट त्याने इतकी रंगवून सांगितली की तिला ठसका लागला. कारध्याला डावीकडे वळून ते नदीच्या काठाकाठाने निघाले. दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाचे पुंजने उभे होते. मग पुंजने संपले. धानाच्या पडीक बांध्या लागल्या, त्यांच्या टोकाशी पाण्याची एक सपाट, पांढरी पट्टी.

गावाबाहेर आखरावर, जिथे पूर्वी सकाळी गुरं गोळा व्हायची त्या मोकळ्या जागेत, त्याने गाडी थांबवली. इंजिन बंद केलं नाही.

"आत तर चला," रुपा म्हणाली.

"गाव उठते त्या दिवशी आपल्या घरच्या माणसानं आखर ओलांडू नये म्हणते बाबा." दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. तो समोर बघत होता. "दुपारी येतो. अर्थ भेटला का फोन कर."

ती उतरली. गाडी वळून गेली तेव्हा तिने हात हलवला. मागच्या काचेतून त्याचं डोकं दिसत होतं. ते फिरलं नाही.

पेवठा मोडत होतं. छपरांवरून कवेलू उतरवले जात होते, दारं चौकटींसकट निघत होती, छपरांचे लाकडी फाटे ट्रॅक्टरवर चढत होते. भिंतींवर मोजणीवाल्यांनी लाल रंगात आकडे टाकलेले. आवाज मात्र जेवढा असायला हवा तेवढा नव्हता. माणसं कुजबुजत काम करत होती. ती दिसली तशी कुजबुजही थांबली.

सेवकराम नावाचे एक वयस्क गृहस्थ पुढे आले. गावातली पूजाअर्चा त्यांच्याकडे असावी. अंगात स्वच्छ धुतलेला सदरा, हातात पितळी गडवा. त्यांनी तिच्या पायांवर पाणी घातलं आणि ती मागे सरायच्या आत वाकून पायाला हात लावला. रुपा संकोचली. तिच्या आजोबांच्या वयाचा माणूस. तिने आपलं नाव सांगायला सुरुवात केली.

"नाव नका सांगू, माय," ते घाईने म्हणाले. "पेवठे. तेवढं बस झालं."

मग एकेक करून सगळेच आले. बाया, माणसं. वाकले, पायाला हात लावून गेले. कोणी डोळ्याला डोळा दिला नाही. एका म्हातारीने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, तिच्या गळ्यातल्या नोकरीच्या ओळखपत्राकडे पाहिलं आणि शेजारणीला म्हणाली, "या खेपेले शिकलेली देल्ली वं बाई." शेजारणीने तिला कोपराने ढोसलं.

रुपाला ते वाक्य नीट कळलं नाही. कळलं नाही हे दाखवायचं मात्र तिच्या जिवावर आलं.

तिने सेवकरामना सरळ विचारलं. नावाचा अर्थ काय? ते तिला गावाच्या मधोमध घेऊन गेले. तिथे निंबाखाली मातामायचे शेंदूर लावलेले दगड होते, बाजूला गावची विहीर आणि विहिरीपासून चार हातांवर जमिनीत एक गोल तोंड. वर दगडी झाकण. त्याला शेणमातीचा लेप.

पेव होतं ते.

सेवकरामनी दोघांना हाताशी घेऊन झाकण सरकवलं आणि आधी दोरीला बांधलेला कंदील आत सोडला. दिवा विझला तर उतरायचं नाही, खाली वारं वाईट असतं. कार्बन डायऑक्साइड, रुपाने मनात म्हटलं, आणि तिला जरा बरं वाटलं. ओळखीची गोष्ट होती. कंदील खाली खाली गेला. दिवा विझला नाही. भिंती गुळगुळीत, कोरड्या ठणठणीत, मडक्याच्या आतल्या बाजूसारख्या. तिने वळून विहिरीत पाहिलं. विहीर तुडुंब होती. हात घातला असता तर पाणी लागलं असतं.

चार हातांवर तुडुंब विहीर आणि तिच्याहून कितीतरी खोल हा खड्डा कोरडा. तिने खाली वाकून कडेची माती चिमटीत घेतली, बोटांनी चोळली. साधी पोयट्याची माती. असल्या मातीतून पाणी झिरपायलाच हवं.

"हे असं कसं?" ती म्हणाली.

सेवकरामनी खांदे उडवले. आधीपासूनच आहे, म्हणाले. गाव नंतरचं. मग त्यांनी सांगितलं ते एवढं. पेवातलं धान्य कितीही काढा, तळ उघडा पाडायचा नाही. शेवटची मूठ खालच्यासाठी ठेवायची. त्या मुठीला इकडे पेवठा म्हणत. तेच गावाचं नाव. त्यांच्या आज्याच्या काळात मानमोडीची साथ आली, गाव उठून शेतात झोपड्या बांधून राहिलं. पेवात मूठ होती, पण गावात कोणीच नव्हतं. तिसऱ्या दिवशी झोपड्यांच्या मधोमध जमीन बसली. बघतात तर गोल तोंड, सारवलेल्या भिंती, कोरड्या.

"तळ उघडा पडला का तो मांगं मांगं येते, माय," सेवकराम म्हणाले. "म्हून मूठ ठेवा लागते. धानाची धानाले, गावाची गावाले." मग त्यांनी तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "घरच्यांनी समदं सांगतलं ना तुमाले? सांगून, इचारूनच पाठवलं ना?"

तेव्हा रुपाने नाही म्हणायला हवं होतं. तिला काहीच सांगितलं नव्हतं. पण भोवती माणसं उभी होती. तिच्या पाया पडलेली. आपल्याच घरची रीत आपल्याला ठाऊक नाही, हे एवढ्या जणांपुढे कसं सांगायचं?

"हो," ती म्हणाली. "सांगितलं."

सेवकरामनी मोठा श्वास सोडला. गर्दीतली एक बाई रडायला लागली.

तिला थांबायला त्यांनी एक अंगण दाखवलं. पेवाच्या पलीकडे, नुसतं अंगण. घर कधीच पडून गेलेलं, जोत्याचे चार दगड तेवढे उरलेले. ते पेवठ्यांचं, म्हणाले. आजूबाजूला सगळीकडे धूळ, फुटके कवेलू आणि पालापाचोळा, पण हे अंगण सारवलेलं होतं. हिरवट, ओलं. शेणाचा ताजा वास येत होता. सारवणातले बोटांचे फराटे अर्धगोल, एकात एक. रुपाची नजर सवयीने मोजत गेली. प्रत्येक फराट्यात चार ओळी. काही पंजे रुंद, काही चिंचोळे. हे एकाच बाईच्या हातचं नव्हतं. फक्त दूरच्या कोपऱ्यात, ढासळलेल्या चुलीपाशी, जुनं सारवण वाळून राहिलं होतं. तिथे फराट्यात तीनच ओळी दिसत होत्या.

"कोण सारवतं हे?" तिने विचारलं.

"होऊन जाते," सेवकराम म्हणाले. ते अंगणाकडे बघत नव्हते. मग विषय बदलावा म्हणून की काय, पुढे म्हणाले, "तेजराम येऊन गेला होता दोन सालांमांगं. इथंच बसून होता दिवसभर. त्या चुलीपाशी."

ऊन डोक्यावर आलं तेव्हा मातामायचे दगड नव्या कपड्यात बांधून निघाले. पुढे डफ. मागे बाया, मग ट्रॅक्टर, मग गुरं. तिने करायचं ते सोपं होतं. पेवाच्या तोंडाशी उभं राहायचं, सेवकरामनी दिलेलं मूठभर धान आत सोडायचं. आखरावरून सेवकराम तीन वेळा हाक देतील. तिने नाव सांगायचं. झालं.

शेवटचं ट्रॅक्टर वळणाआड गेलं.

गाव इतकं गप्प झालं की तिला आपलं गिळणं ऐकू आलं. छपरं नसलेल्या भिंतींवर सरळ ऊन पडलं होतं. सावल्या कुठेच नव्हत्या. तिने मूठ उघडली. धान आत पडलं. पडल्याचा आवाज आला नाही.

"गावात कोण हाय?"

सेवकरामचा आवाज लांबून, पातळ होऊन आला. तिला जरा हसू आलं. तिने घसा साफ केला.

"पेवठे," ती म्हणाली.

"गावात कोण हाय?"

"पेवठे."

तिसरी हाक आली. रुपाने तोंड उघडलं, पण नाव आधीच उच्चारलं गेलं होतं. बाईच्या आवाजात, अगदी जवळून. आपला आवाज पेवातून फिरून आला असावा, असं तिने स्वतःला समजावलं. मग तिच्या लक्षात आलं की ती तिसऱ्यांदा बोललेलीच नव्हती.

लांबवर डफ सुरू झाला. दूर जाऊ लागला.

मागे कोणीतरी सारवत होतं. ओल्या शेणावरून तळहात फिरल्याचा आवाज तिच्या चांगला ओळखीचा होता. सप, थांबणं, सप.

ती वळली. अंगणात एक बाई पाठमोरी उकिडवी बसली होती. हिरव्या बांगड्या, कोपरापर्यंत भरलेले हात. पाठीचा कणा सरळ, तरुण. गावातली कोणी मागे राहिली असेल.

"तुम्ही गेल्या नाहीत?" रुपाने विचारलं. "कोण तुम्ही?"

"पेवठे," बाई म्हणाली. हात थांबला नाही. "साकोलीची."

"साकोलीत पेवठ्यांचं एकच घर आहे."

"तेच."

सप. थांबणं. सप.

"पहिल्यांदा आपल्या घरच्यांनी पोटचा पोरगा ठेवला होता," बाई सांगू लागली, विहिरीवर बाया बोलतात तशा सहज आवाजात. "लय रडले म्हणते. मंग त्यांच्या ध्यानात आलं, का नाव तं सुनेलेबी लागते."

रुपा एक पाऊल मागे सरली. "तुमचं नाव काय?"

बाईचा हात थांबला. ती बराच वेळ विचार करत राहिली, दूरची एखादी गोष्ट आठवावी तशी.

"सीता होतं," ती म्हणाली.

रुपा धावत सुटली. वाट सरळ होती, दोन्ही बाजूंना मोडकी घरं, समोर आखर. ती आखराच्या कडेला पोचली. पलीकडे, हाकेच्या अंतरावर, मिरवणूक मोहाच्या झाडाखाली पाणी प्यायला थांबली होती. तिला माणसं स्पष्ट दिसत होती. सगळ्यांची पाठ तिच्याकडे.

तिने सेवकरामना हाक मारली. त्यांचा सदरा ओळखू येत होता. ते वळले नाहीत. तिने पुन्हा हाक मारली, मग ओरडली. आईच्या कडेवरचं एक पोर तेवढं वळलं आणि तिच्याकडे बघून हसलं. आईने त्याचं तोंड पदराने झाकलं आणि ती चालू लागली.

रुपाने आखर ओलांडायला पाऊल टाकलं.

पायाखाली गार लागलं.

तिने खाली पाहिलं. ओलं सारवण होतं. आणखी एक पाऊल टाकलं. सारवणच. मान वर केली तेव्हा समोर जोत्याचे चार दगड होते, पलीकडे पेवाचं तोंड, विहीर, निंब.

बाई अंगणात नव्हती. सारवण्याचा आवाज येत होता.

रुपाने पर्समधून फोन काढला. एक काडी रेंज होती. घंटी वाजली. भुपेंद्रने उचलला.

"मला न्यायला या," ती म्हणाली. "आत्ता. अहो, मला अर्थ समजला."

"सांगतलं होतं ना मी," तो म्हणाला. चिडवताना बोलायचा त्याच आवाजात. "तिथं भेटन म्हणून."

पलीकडे भांड्यांचा आवाज आला. घरात जेवणं चालली होती. तेजराम मागून काहीतरी म्हणाले. दोनच शब्द, तिला कळले नाहीत. भुपेंद्रने घसा साफ केला. पुन्हा बोलला तेव्हा त्याचा आवाज पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसा होता.

"गावात कोण हाय?"

रुपाने दात दातांवर घट्ट दाबले. उत्तर देण्यातच सगळं आहे, हे तिला कळलं होतं. उत्तर दिलंच नाही तर? तिने डावा हात तोंडावर दाबून धरला. श्वासही धरला.

"पेवठे," तिच्या खांद्याशी कोणीतरी म्हणालं. मग दुसरी. मग आणखी एक, तीही तरुण. मग एका लहान मुलाचा आवाज.

"बरं," भुपेंद्र म्हणाला, आणि फोन कट झाला.

ती किती वेळ उभी होती कोणास ठाऊक. नदीकडून पाण्याची पांढरी पट्टी पहिल्या घरांपर्यंत आली होती. पेव कोरडंच असणार.

पाय दुखायला लागले तशी ती चुलीपाशी बसली. कोपऱ्यातलं ते वाळलेलं सारवण समोर होतं. तीन ओळींचे अर्धगोल, एकात एक. तिने उजवा पंजा त्यांच्यावर पालथा ठेवला. तीन बोटं तीन ओळींत बसली. करंगळी हवेत राहिली.

सारवण पूर्ण भेगाळलेलं होतं. कडा वर वळल्या होत्या, भेगांमध्ये गवत उगवून वाळून गेलं होतं. मातीचं तिला कळायचं. एवढ्या भेगा पडायला निदान दोन उन्हाळे जावे लागतात.